वृद्धांच्या झोपेच्या गोळ्या : सोडविण्याची रीत

धान्याच्या व्यापाऱ्याने औषधाविषयी लिहावे, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु स्वतः केलेली चूक व्यापारी बंधूंपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

वडिलांच्या निधनानंतर आमच्या मातोश्रींस थोडे दिवस घेण्यासाठी अल्प्राझोलमची गोळी मिळाली. ती नऊ वर्षे चालली. एके रात्री हळर्णच्या घरी त्या न्हाणीच्या पायरीवर पडल्या. संतापून आम्ही डबी कुलुपात टाकली. तिसऱ्या रात्री त्यांचे हातपाय कापू लागले, डोळ्यास डोळा लागेना. म्हापशाच्या डॉक्टरांनी आमचीच कानउघाडणी केली. हे औषध एकाएकी तोडल्यास आकडीसुद्धा येते, असे ते म्हणाले.

कारण असे की, दीर्घकाळच्या सेवनाने मेंदू या गोळीस सरावतो. तिचा आधार अकस्मात काढला की तो खवळतो. उलट उतारवयात औषध शरीरातून सावकाश निघते. म्हणून तोल जाणे, विस्मरण व गोंधळ हे दोष वाढतात. २०१४ पासून आपल्या देशात अशा गोळ्यांच्या विक्रीची निराळी नोंद औषधविक्रेत्यास तीन वर्षे जपावी लागते, ती उगीच नव्हे.

मग उपाय कोणता? खंडीभर धान्य कुडवाकुडवाने उपसावे, तशी मात्रा उतरवावी. २०२५ च्या अमेरिकन वैद्यकीय मार्गदर्शनानुसार दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के घट करून आरंभ करावा. त्रास झाल्यास थांबावे. हा हिशेब डॉक्टरांनीच घालून द्यावयाचा असतो.

दुसरी गोष्ट, वृद्धांस विश्वासात घ्यावे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ६५ व त्यापुढील वयाच्या ३०३ जणांवर झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोळीचे धोके व ती सोडण्याचा क्रम सांगणारी पुस्तिका ज्यांस दिली, त्यांपैकी २७ टक्क्यांनी सहा महिन्यांत गोळी पूर्ण सोडली. ज्यांस ती दिली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण केवळ ५ टक्के होते.

आम्हीही मातोश्रींची क्षमा मागून त्यांची संमती घेतली. दिनदर्शिकेवर मात्रेची खूण त्या स्वहस्ते करतात. दुपारची झोप आटोपशीर, सायंकाळचा चहा बंद, उठण्याची वेळ ठरलेली आणि न्हाणीच्या वाटेवर रात्रभर दिवा, एवढी व्यवस्था आम्ही केली. अकरा महिन्यांत गोळी निम्म्यावर आली आहे. काही रात्री अजून जड जातात. तेव्हा घरातील कोणीतरी त्यांच्यापाशी बसते.

ज्यांच्या घरी अशी डबी असेल, त्यांनी तिला कुलूप न घालता ती घेऊन वडीलधाऱ्यांसह डॉक्टरांकडे जावे, एवढीच विनंती.