आधी विचारा, मग हात लावा!

आईबाबांसाठी ब्युरोची मावशी ठेवली, हॉस्पिटलसारखा बेड आणला, खोलीत कॅमेरासुद्धा लावला. सगळं कसं एकदम सेट! मग बाबा हल्ली इतके गप्प का असतात?

‘‘चला आजी, आपण आता मम्मम करायचं हं! शहाणं माझं बाळ ते!’’

ऐकायला किती गोड, नाही? आता समजा, या आजी तीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्यात. सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणायचं. त्या कॉरिडॉरमध्ये दिसल्या की मुलांची हूं की चूं करायची टाप नव्हती. मग बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभरात ‘बाईं’चं ‘बाळ’ झालं! हाड जुळेल हो, पण या नव्या हाकेचं काय करायचं?

आपल्यापैकी अनेकांच्या घरात हे आज ना उद्या होणार आहे. २०११च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेले लोक दहा कोटींच्या वर होते. आपण ऑफिसात, डेडलाइन्स आणि ईएमआयच्या चक्रात. घरी आजी, आजोबा किंवा आई, बाबा आणि बारा तासांच्या शिफ्टवर आलेली अनोळखी मावशी किंवा मामा. पैसे आपण देतो, औषधं ऑनलाइन मागवतो. पण त्या बंद खोलीत आपल्या माणसाशी कसं वागलं जातं, हे आपण कधी विचारतो?

हाकेपासून सुरुवात

नातीने आजीला ‘तू’ म्हणणं हा लाड झाला. पहिल्याच दिवशी कामावर आलेल्या माणसाने ‘ए आजी, ऊठ’ म्हणणं हे प्रकरण वेगळं. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. पण लाडाची भाषासुद्धा टोचू शकते. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डिमेन्शिया असलेल्या नर्सिंग होममधल्या वृद्धांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की लहान मुलांशी बोलावं तसं बोललं की हे पेशंट्स जास्त विरोध करायचे, मोठ्यांशी बोलावं तसं नीट बोललं की कमी. म्हणजे ‘आजी फार त्रास देतात’ अशी कम्प्लेंट आली, तर आधी आजींशी कुणी कसं बोललं ते बघायला हवं!

म्हणून पहिल्याच दिवशी मावशींना स्पष्ट सांगा, ‘‘यांना बाई म्हणा,’’ ‘‘यांना काका चालेल, आजोबा नको.’’ त्याहून बेस्ट म्हणजे हे ज्याचं त्याला विचारा.

डायपर नक्की कुणासाठी?

हा विषय कुणालाच आवडत नाही. म्हणूनच इथे सगळ्यात जास्त गडबड होते. बाबांना आधार दिला तर ते टॉयलेटपर्यंत चालू शकतात. पण उठवायचं, न्यायचं, थांबायचं, परत आणायचं यात वीस मिनिटं जातात. डायपर लावला की काम झालं! मग एक दिवस बाबा म्हणतात, ‘‘मला जायचंय,’’ आणि उत्तर येतं, ‘‘त्यातच करा ना, लावलाय की!’’

ज्याला कळतंय, ज्याला सांगता येतंय, त्याला हे वाक्य ऐकवणं यापेक्षा मोठा अपमान कुठला? शिवाय सतत ओल्या डायपरमुळे कातडी सोलवटते, पुरळ येतं आणि चालणं थांबल्यामुळे पायातली होती नव्हती ती ताकदही जाते. दर दोन-तीन तासांनी ‘जाऊन यायचं का?’ असं विचारून टॉयलेटला नेणं, बेडजवळ कमोडची खुर्ची ठेवणं, रात्री हाताशी युरिन पॉट ठेवणं, हे साधे उपाय आधी करून बघा. अचानक कंट्रोल जायला लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, एखादी गोळी असं बरं होण्यासारखं कारण निघू शकतं. डायपर लागणारच असेल, तर लागू दे. पण तो बदलताना दार बंद हवं, आणि ‘शी! किती घाण’ हा डायलॉग पूर्ण बंद!

स्पंजिंगचंही तसंच. अंगावर चादर ठेवायची, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा आणि लगेच झाकायचा. तोंड त्यांना स्वतःला पुसता येत असेल, तर ओला टॉवेल त्यांच्या हातात द्यायचा. आणि हात लावण्याआधी ‘‘आता पाठ पुसते हं, चालेल?’’ असं विचारायचं. आईला पुरुष अटेंडंट चालेल का, हेही आईलाच विचारायचं. ब्युरोला नाही.

कॅमेरा, अॅक्शन... पण संमती?

आता आपला लाडका विषय, टेक्नॉलॉजी. बेंगळुरूच्या मीटिंगमध्ये बसून ठाण्यातल्या बेडरूममध्ये बाबांनी गोळी घेतली की नाही, हे मोबाइलवर दिसतं. सोय आहेच. अटेंडंटने हात उगारल्याच्या बातम्या वाचल्या की भीती वाटणंही साहजिक आहे. पण तोच कॅमेरा डायपर बदलतानाही चालू असतो! तो फीड मुलगा, सून, जावई, कोण कोण बघतं? बाबांना कुणी सांगितलंय का?

कॅमेरा लावायचाच तर बाबांना आणि मावशींना, दोघांनाही सांगून लावा. तो दाराकडे किंवा हॉलमध्ये ठेवा आणि अंग पुसताना, कपडे बदलताना बंद ठेवा. आणि नाकात नळी, विस्कटलेले केस, तोंडात कवळी नाही, असा आजीचा फोटो ‘प्लीज प्रे’ म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. आपण आपले सेल्फी दहादा फिल्टर करतो. आजीलाही तेवढा चॉइस हवा ना!

परळमधला धडा

हे सगळं फार आदर्श वाटतंय? मग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलकडे बघा. तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलमध्येच भीषण हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षं, तिथल्या नर्सेसच्या एकामागून एक बॅचेसनी त्यांना सांभाळलं. २०११मध्ये त्यांच्या दयामरणाची याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळली, तेव्हा कोर्टाने या स्टाफचं भरभरून कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोर नव्हते. सरकारी गर्दी, पालिकेचं हॉस्पिटल, आणि तरीही! कूस बदलणं, त्वचा कोरडी ठेवणं, वेळेवर भरवणं, हे रोज, न चुकता करत राहायचं. थँक्यू म्हणू न शकणाऱ्या माणसासाठीसुद्धा.

मावशींचा मान कुठे?

आता नाण्याची दुसरी बाजू. ब्युरोकडून येणारी प्रत्येक जण ट्रेन्ड नर्स नसते. अनेक जणी काम करता करताच शिकतात. बारा-बारा तास उभं राहायचं, दुसऱ्याची शी-शू काढायची, वर घरच्यांचं ऐकायचं. त्यांचा चहाचा कप वेगळा, बसायला खुर्ची नाही, सुट्टी मागितली की आपल्या कपाळावर आठ्या. आणि त्यांनी मात्र आपल्या बाबांना सन्मानाने वागवावं ही अपेक्षा! कसं जमणार? मावशींचं नाव विचारा, आठवड्याची सुट्टी द्या, वजन उचलायची योग्य पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्या. तुम्ही त्यांच्याशी जसं वागाल, तेच पुढे बेडपर्यंत पोचतं.

निवड छोटी, फरक मोठा

एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या एका नर्सिंग होममध्ये केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला कुंडीतलं रोप दिलं आणि ‘काळजी तुम्ही घ्यायची’ असं सांगितलं. सिनेमा कुठल्या रात्री बघायचा, हेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या गटाच्या रोपांना नर्सेस पाणी घालायच्या. पहिला गट जास्त उत्साही, जास्त हिंडताफिरता राहिला. एक रोप आणि एक सिनेमा, बस्स! आपल्याकडे निळा शर्ट की पांढरा, आधी चहा की आधी अंघोळ, एवढं तरी विचारता येईलच की.

मोठ्या निर्णयांतही हेच लागू होतं. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये मान्य केला आणि २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. विषय काढायला जड जातं खरं, पण बाबांचं मत बाबा सांगू शकतात तेव्हाच विचारलेलं बरं.

वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर बघायला जाताय? हे तपासा:

• स्टाफ दार वाजवून आत जातो का?
• बेडभोवती पडदा आहे का आणि तो ओढला जातो का?
• दुपारी तीन वाजता लोक कपडे बदलून बसलेत, की गाऊनमध्येच झोपून आहेत?
• चष्मा, कवळी, कानाचं मशीन ज्याचं त्याच्याकडे आहे का, की ‘हरवू नये म्हणून’ कपाटात?
• कुणाचे हात बांधलेत का? असतील तर का, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून?
• भरवणारा माणूस खुर्ची घेऊन समोर बसतो, की उभ्याउभ्या चमचे कोंबतो?
• भेटायच्या वेळेआधी न सांगता पोचलात, तर चेहरे बदलतात का?

काही खटकलं, कुणी छळतंय असं वाटलं, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४५६७. नंबर स्वतः सेव्ह कराच, पण आईबाबांच्या मोबाइलमध्येही करून द्या.

आणि हो, आज रात्री घरी फोन कराल तेव्हा ‘‘मावशी, बाबा जेवले का? झोप झाली का? पोट साफ झालं का?’’ ही नेहमीची लिस्ट जरा बाजूला ठेवा. मावशींना म्हणा, फोन बाबांना द्या. आणि बाबांना विचारा, ‘‘उद्या काय करायचा मूड आहे?’’

उत्तराला वेळ लागेल. थांबा तेवढं!