थंड पेयाची बाटली आणि हाडांची पुंजी

वैशाख लागला की चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे सरकतो. बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा येथील पेढ्यांवर पूर्वी आल्यागेल्यास माठातले पाणी, मठ्ठा किंवा कैरीचे पन्हे दिले जाई. आता फ्रीजमधून बाटली निघते. शीतपेयांचा घाऊक व्यापार घरचाच असेल, तर मुले रोज एक बाटली पेटीतून सहज उचलतात आणि तिचा हिशेब कोणी मागत नाही. या सवयीचा हाडांशी काय संबंध आहे, हे म्हणूनच व्यापारी कुटुंबांनी समजून घेतले पाहिजे.

समज आणि शास्त्र

‘कोल्यात दात टाकला तर विरघळतो, तशीच हाडेही विरघळतात’ असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यातील दातांचा भाग खोटा नाही. आंबट व गोड पेय दातांना थेट लागते, आणि त्यामुळे दातांवरील कठीण आवरण झिजते. हाडांची गोष्ट निराळी आहे. पोटातील आम्ल कोणत्याही पेयापेक्षा तीव्र असते, त्यामुळे पेयातील आम्ल हाडांपर्यंत जाऊन ती विरघळवीत नाही.

तरीही काळजीला आधार आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे सुमारे अडीच हजार स्त्री-पुरुषांच्या हाडांची घनता मोजण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता, महिन्यातून एकदाही कोला न पिणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी आढळली. पुरुषांत हा फरक दिसला नाही. पाठीच्या कण्यात दिसला नाही, आणि कोला नसलेल्या फसफसत्या पेयांतही दिसला नाही. म्हणजे दोष बुडबुड्यांचा नव्हे.

खरा तोटा कोठे?

कोल्यात कॅफिन व फॉस्फोरिक आम्ल असते. कॅफिनमुळे लघवीवाटे थोडे अधिक कॅल्शियम जाते. मात्र ही घट अल्प असते, आणि चहा-कॉफीनेही ती होतेच. नेब्रास्कातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रयोगातून दाखविले की कॅफिन नसलेल्या, फॉस्फोरिक आम्लयुक्त पेयाने कॅल्शियमची अशी घट होत नाही. पेयांमुळे हाडांचे नुकसान होत असेल, तर ते मुख्यतः ती पेये दुधाची जागा घेतात म्हणून होत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाटलीत काय आहे याहून बाटलीमुळे ताटातून काय गेले, हा प्रश्न मोठा ठरतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम. दोनशे मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. कोल्याच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत कॅल्शियम जवळजवळ नसते. साखर मात्र तीस ग्रॅमहून अधिक असते. हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत जमा होते आणि पुढे आयुष्यभर तीच पुरवावी लागते. पर्वतिथीस व चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांत कॅल्शियमचा एक मार्ग आधीच अरुंद झालेला असतो. तेथे दूध, दही व ताकाचे मोल अधिकच वाढते.

पाण्यातील फ्लोराइड

या भागात आणखी एक कारण आहे. वरोरा, भद्रावतीसह चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत आणि गडचिरोलीच्याही काही गावांत विहिरी व बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही अखेरची मर्यादा. वर्षानुवर्षे अधिक फ्लोराइड पोटात गेले, तर लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर डाग उमटतात, आणि मोठ्यांचे सांधे व कणा ताठरतो. आहारातील कॅल्शियम हे फ्लोराइड काही अंशी आतड्यातच बांधून ठेवते. कॅल्शियम अपुरे असेल तर हानी वाढते. शेजारच्या तेलंगणातील नलगोंडा भागात फ्लोराइडबाधित मुलांचे गुडघे आत वळल्याचे व हाडे विरळ झाल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये नोंदविले. अशा पाण्याच्या गावी दुधाचा पेला सुटणे हे दुहेरी नुकसान आहे.

येथे उकाळलेले पाणी पिणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी गाळण्याने व उकाळण्याने जीवजंतूंचा प्रश्न सुटतो, फ्लोराइडचा सुटत नाही. उकळताना पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. म्हणून बोअरवेलचे पाणी शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे. प्रमाण अधिक आढळल्यास आरओ यंत्राचे पाणी किंवा नदी-तलावावरील नळयोजनेचे पाणी घ्यावे, आणि मग ते नियमाप्रमाणे उकाळावे.

घरी आणि दुकानी

शीतपेय प्रसंगापुरते ठेवावे. रोजचे करू नये. मुलांना सकाळ-संध्याकाळ दूध आणि दुपारी ताक द्यावे. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठात १७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तीळही उपयुक्त. दिवसभर गादीवर बसणाऱ्यांनी व घरात वावरणाऱ्या स्त्रियांनी अंगावर थोडे ऊन घ्यावे, कारण ‘ड’ जीवनसत्त्वावाचून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. वर्षीतपासारखी दीर्घ तपश्चर्या करणाऱ्यांनी आणि पन्नाशीपुढील स्त्रियांनी वैद्यांचा सल्ला घेणे हिताचे.

राहिला दुकानाचा प्रश्न. धानोरा, कुरखेडा, एटापल्लीच्या बाजारांपर्यंत या बाटल्या पोहोचतात त्या व्यापाऱ्यांच्याच हातून. माल ठेवू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु फ्रीजच्या पुढच्या कप्प्यात ताक व दुधाची पाकिटे ठेवणे आणि लहान मूल पैसे घेऊन आले की आधी तीच पुढे करणे, एवढे तर दुकानदाराच्या हातात आहे. त्यात नफा थोडा कमी झाला, तरी गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हाडांत तो जमा होईल.