अंगठा आला म्हणजे गिऱ्हाईक आलं असं नाही



१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या काठावर, घरखर्च मात्र चालूच. म्हणून आपल्यातली काही घरं सुके बांगडे, सुकी सुंगटं, गलमो पाकिटात भरून मोबाईलवरून विकायला लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो : नवीन पाकिटाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की अंगठे भराभर येतात, ऑर्डरी मात्र बोटावर मोजण्याइतक्या.

कारण साधं आहे. अंगठा फुकट असतो, पैसे देताना माणूस विश्वास बघतो. बाजारात गिऱ्हाईक बांगडा हातात घेतं, वास घेतं. फोटोत वाळू दिसत नाही, खारटपणा कळत नाही. तिथे सगळा व्यवहार आपल्या शब्दावर चालतो.

संगणकवाल्यांचंही तेच आहे. अमेरिकेत रायन हूवर यांनी २०१३ साली ‘प्रॉडक्ट हंट’ सुरू केलं. नवीन अॅप काढणारे ते तिथे मांडतात, लोक बघतात, मत देतात, प्रश्न विचारतात. तिथेही सांगणं असं की ‘मला मत द्या’ म्हणून मागे लागू नका. ‘बघा आणि काय वाटतं ते सांगा’ म्हणा. मागून घेतलेलं मत एका दिवसापुरतं, मनापासून विचारणारा माणूस पुढेही टिकतो.

खरं तर डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. कुठल्या घरी सोमवारी मासे चालत नाहीत, कुणाला बारीक सुंगटं लागतात, सगळं त्यांना तोंडपाठ. तेच मोबाईलवर करायचं आहे :

१. विचारल्याशिवाय कुणालाही ग्रुपमध्ये घालू नका. आधी ओळखीची, नेहमीची गिऱ्हाइकं घ्या.

२. माल तयार होण्याआधीपासून बोला. मासळी कुठे वाळते, वाळूवर की मांडवावर, मीठ किती, कोण साफ करतं, हे फोटोसकट दाखवा.

३. नवीन पाकीट काढलं की पहिल्यांदा दहा-पंधरा घरांना थोडं थोडं चाखायला द्या आणि ‘काय कमी आहे?’ असं विचारा. ‘छान आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘खारट झालं’ म्हणणारा जास्त उपयोगाचा.

४. तक्रार ग्रुपवर आली तर पुसून टाकू नका. सगळ्यांसमोर उत्तर द्या, पाकीट बदलून द्या. बाकीचे तेच बघत असतात.

५. नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहून घेऊ नका. लहान गावात ती लगेच ओळखू येते.

६. पाकिटावर वजन, पॅकिंगची तारीख, मुदत आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असू द्या. गोड बोलण्याला हा कागदाचा आधार हवाच.

७. रोज सुप्रभातची फुलं पाठवू नका. लोक ग्रुप म्यूट करतात, मग माल आल्याचा निरोपही कुणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली, तर तिचा निरोप ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणजे आपल्या यादीत किती नावं आहेत याला अर्थ नाही, किती जणांच्या फोनमध्ये आपलं नाव आहे याला आहे. म्हणून पाकीट देताना ‘ताई, आमचा नंबर सेव्ह करून ठेवा’ एवढं नक्की सांगा.

म्हणतात ना, बोलणाऱ्याची बोरं विकतात. आम्ही म्हणू, ऐकणाऱ्याची दुसऱ्यांदाही विकतात. आणि बंदीच्या दोन महिन्यांत घर चालतं ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकावरच.

लोक पुरुमेंताची खरेदी एप्रिल-मेमध्येच उरकतात. तेव्हा ओळख वाढवायला पावसाची वाट बघू नका, आत्ताच लागा. लेबल किंवा नोंदणीची अडचण असेल तर पाकीट घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, बसून बघू.

आपली संस्था, आपली माणसं.
– सचिव