टॅरांटुला उताणा पडला तर

सुपा-जोयड्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ओळखीच्या घरी पाळलेला टॅरांटुला कित्येक दिवस काही खात नव्हता आणि सकाळी उताणा पडलेला दिसला. मेला का? सरळ करून ठेवावा का?

हात लावू नका. मरणारा कोळी सहसा उताणा होत नाही. तो पोटावरच बसतो आणि त्याचे पाय अंगाखाली आखडत जातात. उताणा झालेला टॅरांटुला बहुतेक वेळा कात टाकत असतो.

हे पाय आखडणं मला फार विलक्षण वाटतं. कोळ्याच्या पायात वाकवणारे स्नायू आहेत, पण दोन मुख्य सांधे सरळ करणारे स्नायूच नाहीत! पाय पसरायचा तर त्यात दाबाने रक्तद्रव भरावा लागतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो तसा. पॅरी आणि ब्राउन यांनी १९५९ मध्ये हा दाब मोजला, तोही घरात आढळणाऱ्या साध्या कोळ्यात. एरवी पाऱ्याचे सुमारे ५० मिलिमीटर असणारा दाब क्षणभर ४०० पर्यंत चढत होता. आपला वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो, हे लक्षात घ्या. कोळी मेला की दाब जातो आणि पाय मिटतात.

कात टाकतानाही हाच दाब कामाला येतो. जुन्या कवचाखाली नवं कवच आधीच तयार झालेलं असतं, त्यामुळे उदर काळपट दिसू लागतं. मग कोळी रेशमाचं अंथरूण विणतो आणि त्यावर पाठ टेकतो. हृदयाचे ठोके वाढतात, उदरातला रक्तद्रव पुढच्या भागाकडे ढकलला जातो आणि पाठीचं कवच कडेने उकलून अख्खं सुटतं. त्यानंतर तासन् तास थोडं ओढणं, थोडं थांबणं. आठही पाय एकदमच सरकत बाहेर येतात. सुळ्यांची आवरणं, पचनमार्गाच्या सुरुवातीचं अस्तर, फुप्फुसांच्या पानांवरचा पापुद्रासुद्धा जुन्या कातीबरोबर निघतो. नवे सुळे पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. आधी तुटलेला पायही पुन्हा उगवलेला दिसतो, जरा बारीक असला तरी.

या काळात करायचं ते एवढंच: पिण्याच्या पाण्याची वाटी भरलेली ठेवायची आणि न खाल्लेला रातकिडा बाहेर काढायचा. मऊ पडलेल्या कोळ्याला तोच रातकिडा कुरतडू शकतो. अंगातलं पाणी कमी झालं तर दाब पुरत नाही आणि पाय कातीत अडकतो. सारखं पाणी फवारत राहण्याचा आग्रह मात्र मला पटत नाही. कोंदट डब्यात बुरशी धरते. चिमटा लावून मदत करायला तर मुळीच जाऊ नये. सुळे काळे होईपर्यंत खायलाही देऊ नये. मोठ्या कोळ्याला त्यासाठी आठवडा-दोन आठवडे लागतात.

पण सुप्याच्या माणसाने हा प्राणी डब्यात का पाहावा? काळी नदीचा हा जंगलपट्टा ज्यात येतो त्या उत्तर कन्नड जिल्ह्याचंच नाव एका टॅरांटुलाला मिळालं आहे, निओहेटेरोफ्रिक्टस उत्तरकन्नडा, २०१२ साली. मातीच्या दरडीत बीळ करणाऱ्या थ्रिग्मोपियस या टॅरांटुलाचं नामकरण त्याच्या कितीतरी आधी, १८९९ मध्ये, रेजिनल्ड पोकॉक यांनी केलं. पोकॉक यांचं नाव निघतं ते बहुधा वाघ-बिबट्यांच्या संदर्भात, पण भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया त्यांनीच घातला. त्याच वर्षी त्यांनी आंध्रातल्या गुत्ती स्थानकाच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका मादीवरून निळ्या पोसिलोथेरिया मेटॅलिकाची नोंद केली. ती जात संशोधकांना पुन्हा जंगलात दिसायला शंभर वर्षं लागली. आज ती जगभर काचेच्या पेट्यांत वाढवली जाते आणि आंध्रातल्या उरल्यासुरल्या जंगलात मात्र ती नष्ट होण्याच्या काठावर आहे. २०१९ मध्ये पोसिलोथेरियाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या यादीत आल्या. म्हणून दरडीतल्या बिळात काडी घालून कोळी बाहेर काढणं आणि घरी नेणं, दोन्ही टाळावं.

पाळलेल्या कोळ्याची कात मात्र जपून ठेवा. पाण्यात साबणाचा थेंब टाकून उदराचा चुरगळलेला भाग हलकेच उलगडा आणि भिंगातून आतली बाजू पाहा. पुढच्या फुप्फुसांच्या जोडीमध्ये शुक्राणू साठवण्याची पिशवी दिसली तर ती मादी. ती पुढे कित्येक वर्षं कात टाकत राहील. नर प्रौढ झाल्यावर बहुधा पुन्हा कात टाकत नाही.