उतारावर ट्रॉली ढकलते तेव्हा

गाळप हंगाम सुरू झाला की कऱ्हाड, इस्लामपूर, पलूस, कडेगावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि टपावरच्या स्पीकरवर गाणी. कृष्णाकाठ सपाट आहे, त्यामुळे इथला ड्रायव्हर घाटाचा नाही असं आपण धरून चालतो. पण सागरेश्वरचा घाट आहे, ढेबेवाडीकडचा दिवशी घाट आहे, खानापूरच्या पठारावरून खाली येणारे रस्ते आहेत, आणि हायवेवरचे उड्डाणपूल तर पावलोपावली. उतार छोटा असला तरी मागचं ओझं कमी होत नाही.

या उतारांबद्दल कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. सगळ्यात पक्की समजूत म्हणजे उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं.

वाचत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. जुना पंप असो की नवं कॉमन रेल इंजिन, अशा वेळी डिझेलचा पुरवठा जवळपास बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल जळतच राहतं. इंजिनच बंद केलं तर डिझेल वाचेल, हे खरं. पण मग ट्रकचा एअर ब्रेक ज्या हवेवर चालतो ती भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि न्यूट्रलमुळे इंजिनाचा अटकाव तर आधीच गेलेला असतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ साताऱ्याकडून आलेल्या एका ट्रकनं अनेक गाड्या चिरडल्या. पहिली बातमी आली ‘ब्रेक फेल’ची. तपासणीत पुढे आलं ते वेगळंच : ब्रेक ठीक होते, उतारावर इंजिन बंद केलं होतं. नव्या कात्रज बोगद्यापासून तिथवरचा उतार ज्यांनी पाहिलाय त्यांना डिझेल वाचवण्याचा हा हिशेब किती महाग पडतो ते सांगायला नको.

क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलच. ‘मी गिअरमध्येच होतो की’ म्हणणाऱ्याचा डावा पाय कुठे होता, ते आधी विचारावं.

दुसरी समजूत : ‘आमच्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेक आहे, कितीही ओझं थांबतं.’ तेलात बुडालेला ब्रेक उशिरा तापतो, कमी झिजतो, हे बरोबर. पण गाडी शेवटी थांबवतो तो टायर आणि डांबर यांच्यातला घट्टपणा. जरा आकडेमोड करू. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण अडीच टनांचा, आणि बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर वजन असेल दीड-पावणेदोन टन. मागे दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून वीस टन. वीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर हे वीस टन ट्रॅक्टरला सुमारे एक टनाच्या जोरानं पुढे ढकलतात. ट्रॉलीच्या चाकांचं घर्षण त्यातलं थोडं खातं. उरलेलं अडवायचं ते या दोन टायरांनी, आणि कोरड्या डांबरावर त्यांची पकड जेमतेम टनभराची. इंजिनाचा अटकावही याच दोन चाकांतून रस्त्यावर पोचतो. म्हणजे वेग आहे तेवढा राखण्यातच बरीचशी पकड संपते, थांबायला शिल्लक थोडीच. रस्त्यावर माती, पाचट किंवा पाणी असेल तर तीही नाही. मग चाकं लॉक होतात, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. ब्रेक शाबूत असूनही.

चार चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर उतारावर फोर व्हील घालावं. पुढची चाकंही त्यामुळे ब्रेकला जोडली जातात. अनेकांना ही सोय फक्त चिखलासाठी वाटते.

आता ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी वाकून बघू. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात बांधाला वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. दोन्ही जोडणारी एक छोटी पट्टी तिथेच असते. रस्त्यावर आलं की ती अडकवायची. ती मोकळी राहिली आणि उतारावर पाय एकाच पेडलवर पडला, तर शेतात कामाला येणारं तेच वळण इथे ट्रॅक्टर उलटवतं. या पट्टीला ना डिझेल लागतं ना पैसे.

‘घाटात ब्रेकवर पाय हलकासा ठेवूनच उतरावं’ हेही जाणती माणसं सांगतात. त्यांनी उष्णतेचा हिशेब केलेला नसतो. वीस टन ओझं शंभर मीटर खाली आणणं म्हणजे तेच ओझं ताशी ४० किलोमीटरच्या वेगातून सोळा वेळा पूर्ण थांबवण्याइतकं काम. ते सगळं उष्णता होऊन कुठेतरी मुरतं. पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे मीटरहून जास्त उंचावर आहे. पसरणी घाटात पाय न उचलता उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेक लायनरचं काय होत असेल? ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. बातमीत ‘अचानक ब्रेक फेल’ म्हणतात, पण जळका वास आणि चाकातून धूर बऱ्याचदा आधीच आलेला असतो. स्पीकर टिपेला असेल तर घासल्याचा आवाज मात्र ऐकू येणार नाही.

रीत अशी : उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, लहान गिअर टाकायचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याहून मोठा नाही. नव्या इंजिनांना तर आणखी एक खालचा बरा. इंजिन आवाज करू लागलं तरी घाबरायचं नाही, फक्त आरपीएमच्या लाल खुणेवर जाऊ द्यायचं नाही. वेग वाढलाच तर ब्रेक नीट दाबून तो ताशी आठ-दहा किलोमीटरनं उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. उतारावर मध्येच गिअर बदलायला जाऊ नये. ट्रॅक्टरचा गिअर एकदा निघाला आणि मागून ट्रॉली ढकलत असली की तो परत बसत नाही.

राहिली ट्रॉली. ‘तिला कशाला ब्रेक, ट्रॅक्टरला आहे ना’ ही समजूत ड्रायव्हरची कमी आणि मालकाची जास्त. पैसे टनावर मिळतात, ब्रेकवर मिळत नाहीत. युरोपात जड शेती-ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. कारण वर आलंच : ज्या चाकांवर वजन आहे, पकडही त्यांच्याकडेच आहे. आपल्याकडे ती सगळी पकड वाया जाते आणि वीस टन रोखण्याचं काम पुढच्या अडीच टनांच्या गळ्यात पडतं.

कारखाने दर वर्षी हंगामाआधी वाहतूकदारांशी करार करतात. करारात एक अट घालावी : ज्या गटाच्या रस्त्यात घाट किंवा मोठा उतार आहे, तिथून ऊस आणणाऱ्या ट्रॉलीला चालू ब्रेक हवा. तो बसेपर्यंत अशा रस्त्यावर एकच ट्रॉली, तीही बेतानं भरलेली. खेपा वाढतील, वाढू द्या.