जुन्या टोप्यांचा भरवसा कितपत धरावा?

पेरण्या आटोपून पीक उभें राहिलें कीं रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. नांदेड जिल्ह्यांतील किनवट-माहूरच्या डोंगराळ भागांत हा त्रास विशेष. परंतु लातूरकडील काळ्या सपाट रानांतहि तो अपरिचित नाहीं. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरीं ठासणीची बंदूक असते, आणि तिच्याबरोबर फडताळांत किंवा आढ्याला टांगलेल्या पिशवींत वडिलांच्या वेळचा टोप्यांचा डबाहि असतो. “ह्या टोप्या अजून चालतील काय?” हा प्रश्न शेतकरी बंधु वारंवार करितात. त्याचा थोडा विचार येथें करूं.

टोपी म्हणजे तांब्याची किंवा पितळेची एक लहानशी वाटी. तिच्या तळाशीं आघातानें पेटणारा मसाला चिकटविलेला असतो. चाप ओढतांच घोडा टोपीवर आपटतो, मसाला पेटतो आणि ज्वाला बोंडीच्या भोंकांतून आंतल्या दारूपर्यंत पोहोंचते. काडतुसाच्या बुडाशीं बसविलेली टोपीहि याच तत्त्वावर चालते. ही युक्ति प्रथम स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकानें योजिली व १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. महाराष्ट्रांत खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं आणि जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवचा १९६४ सालीं स्थापन झाला.

टोपी किती जुनी, यापेक्षां ती कशाची व कशी ठेविलेली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मसाल्याचे ढोबळ प्रकार तीन. पहिला पाऱ्याच्या फल्मिनेटाचा. उष्णतेनें हा हळूहळू विघटन पावतो. आपल्याकडील उन्हाळ्यांत पत्र्याखालीं ठेविलेला डबा थोड्याच वर्षांत निकामी होऊं शकतो. शिवाय यांतील पारा पितळेंत शिरून काडतुसाचें कवच ठिसूळ करितो; असें कवच पुन्हां भरणें धोक्याचें. दुसरा क्लोरेटयुक्त. हा बराच टिकाऊ. पण उडाल्यावर मागें मिठासारखा क्षार राहतो, तो हवेंतील ओलावा ओढतो आणि नळी गंजविते. तिसरा लेड स्टिफ्नेटाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो प्रचारांत आला. थंड व कोरड्या जागीं ठेविल्यास तो अनेक दशकें टिकतो. तिन्हींचा समान शत्रु म्हणजे ओलावा आणि तेल. डब्यावर नांव-साल नसेल तर आंत कोणता मसाला आहे हें केवळ पाहून ओळखतां येत नाहीं.

शेतकऱ्यास हें समजण्यास अवघड नाहीं. सोयाबीनचें बीं गतवर्षींचेंच असलें तरी पोतीं आपटलीं असतील किंवा ओलीला ठेविलीं असतील तर तें उगवत नाहीं. म्हणूनच आपण शंभर दाणे गोणपाटांत गुंडाळून उगवण पाहतों आणि सत्तर उगवले तर पेरणीस हरकत मानीत नाहीं. परंतु हीच रीत टोप्यांस लावूं नये. दाणा न उगवला तर नांगे भरतां येतात. अंगावर आलेल्या डुकरापुढें टोपी न उडाली तर दुसरी संधि मिळत नाहीं. दुसरें असें कीं, थोड्या टोप्या उडवून पाहिल्यानें खात्री होत नाहीं. डब्यांत शेंकडा पांच टोप्या वाईट आहेत असें समजूं. त्यांतील वीस उडविल्या तर शंभरांत सुमारें छत्तीस वेळां त्या विसांत एकहि वाईट निघणार नाहीं, आणि मालक डबा निर्दोष समजेल.

टोपी न उडणें ही निव्वळ गैरसोय. टोपी उशिरां उडणें हा प्राणावरचा प्रसंग. दुर्बळ मसाल्यानें दारू क्षणभर धुमसून मग पेट घेते. तेवढ्यांत “काय झालें” म्हणून नळींत डोकावणारा मनुष्य जिवास मुकतो. यासाठीं बंदूक न उडाल्यास नळीचें तोंड निर्धोक दिशेसच रोखून निदान एक मिनिट तरी स्तब्ध उभें राहावें व त्यानंतरच टोपी काढावी. दोष पुष्कळदां टोपीचा नसून बोंडीचें भोंक तेलानें किंवा काजळीनें बुजल्याचा असतो; तें भोंक बंदूक भरण्यापूर्वींच साफ असावें.

कांहीं घातक समजुतींचाहि उल्लेख करणें अवश्य आहे. दमट टोप्या उन्हांत किंवा चुलीजवळ वाळवूं नयेत. तेलांत भिजविल्या म्हणजे त्या मेल्या असें धरूं नये; कांहीं जिवंत राहतात. सुट्या टोप्या बाटलींत भरूं नयेत; एक उडाली तर तिच्यासवें सर्व उडतात. मसाला खरवडणें अथवा घरीं बनविणें तर मनांतहि आणूं नये.

मग जुन्या डब्याचें करावें काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें, परवानाधारक निवर्तल्यामुळें किंवा परवान्याची मुदत संपल्यामुळें शस्त्र व दारूगोळा बाळगणें बेकायदा ठरल्यास तो विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. वडिलांमागें राहिलेला डबा घरांत तसाच ठेवणें हा म्हणून दुहेरी धोका आहे. परवाना चालू असणाऱ्यानेंहि संशयित टोप्या विक्रेत्याच्या हवालीं करून नव्या घ्याव्या. त्या मूळ वेष्टणांतच, लहान मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा कोरड्या व थंड जागीं, दारूपासून वेगळ्या ठेवाव्या. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेंहि ध्यानीं असावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें पिकाची नासधूस करणारें जनावर मारण्यासहि वनखात्याची लेखी अनुज्ञा लागते.

टोप्यांचा नवा डबा घेण्यास लागणारे पैसे एका रात्रींत उकरल्या जाणाऱ्या भुईमुगाच्या वाफ्याहून अधिक नाहींत. जुना डबा वाया जातो म्हणून हळहळणाऱ्या बंधूंनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.