खिशातील आकाशपाळणा

फेस्ताच्या फेरीत आकाशपाळणा उभारणारी माणसे आमच्या वाचकांनी पाहिलेली आहेतच. ट्रकमधून लोखंडी खांब उतरवावयाचे, जमीन सपाट करावयाची, नटबोल्ट आवळावयाचे, रिकामे पाळणे फिरवून पाहावयाचे, आणि मग कोठे पहिले तिकीट फाडावयाचे! एवढे करूनही ऐन संध्याकाळी पावसाची सर आली की सारे मुसळ केरात. याच व्यवसायाची एक सावली आता मोबाईलच्या काचेवर उतरली आहे. तेथे पाऊस नाही, घाम नाही आणि तोटाही नाही. आमच्या घराघरांतून थोरामोठ्यांची बोटेही या काचेवर फिरू लागली असल्याने या खेळाची ओळख करून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या खेळांना ‘आयडल गेम’ म्हणतात. खेळणारा स्वस्थ बसला तरी चालू राहणारा खेळ, असा त्याचा अर्थ. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातील ‘कोडीगेम्स’ या कंपनीचा ‘आयडल थीम पार्क टायकून’ हा त्यांपैकीच एक. प्रारंभी खेळणाऱ्याच्या हाती अगदी लहानसे मनोरंजन उद्यान असते. पाहुणे येतात, पैसे जमतात. त्या पैशांतून पाळण्याचा दर्जा वाढवावयाचा, दर्जा वाढला की उत्पन्न वाढते, आणि त्यातून पुढचा पाळणा. मोबाईल मिटून आपण कामास गेलो तरी उद्यान चालूच! परत येऊन पाहावे तो आपल्या गैरहजेरीतील कमाईचा आकडा समोर उभा. शेजारीच एक आर्जव असते: एवढी जाहिरात पाहा, म्हणजे रक्कम वाढवून मिळेल.

उद्यान बांधण्याचे खेळ काही आजचे नव्हेत. इंग्लंडातील ‘बुलफ्रॉग’ कंपनीने १९९४ साली संगणकासाठी ‘थीम पार्क’ हा खेळ काढला. बटाट्याच्या तळलेल्या कापांत मीठ अधिक घातले की गिऱ्हाइकांना तहान लागते आणि पेयांचा खप वाढतो, अशी व्यापारी मेख त्यात होती. पुढे १९९९ साली ख्रिस सॉयर या स्कॉटिश गृहस्थाचा ‘रोलरकोस्टर टायकून’ आला. त्यात पाळणा नादुरुस्त होई, गाडी रुळावरून उडून अपघात घडे, पाहुण्यांना मळमळ होई, झाडूवाला नेमला नाही तर वाटा घाण होत आणि डोक्यावर कर्जही असे. चुकीचा निर्णय घेणाऱ्यास त्याचे फळ भोगावे लागे. तो खेळ वेळ खाई खरा, पण विचारही करावयास लावी.

आयडल खेळाने त्यातील चूक करण्याची शक्यताच बहुधा काढून टाकली. येथे उद्यान बुडत नाही; ते वाढते तरी, नाही तर वाढण्याची वाट पाहत असते. या प्रकाराचा उगम मात्र थट्टेत आहे. २००२ साली ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ नावाचा एक खेळ निघाला. तो स्वतःच स्वतःला खेळे. माणसाने नुसते पाहत बसावयाचे. २०१० साली इयन बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापकाने फेसबुकवरील खेळांची टर उडविण्यासाठी ‘काऊ क्लिकर’ रचला. सहा तासांतून एकदा चित्रातील गाईवर बोट दाबावयाचे, एवढाच त्याचा खेळ. पण लोक तो मनापासून खेळू लागले! २०११ मध्ये त्याने गाई नाहीशा केल्या, तरी काही लोक रिकाम्या जागेवर बोट दाबीतच राहिले.

माणूस गुंततो कशाने? २०१३ साली ज्युलियन तिएनो या फ्रेंच तरुणाने केलेल्या ‘कुकी क्लिकर’मध्ये याचे गणित स्वच्छ दिसते. तेथे एखादी वस्तू विकत घेतली की तिची पुढची किंमत शेकडा १५ ने चढते. शंभराची वस्तू पाच खरेद्यांनंतर दोनशेच्या घरात जाते, आणि पन्नास खरेद्यांनंतर तीच एक लाखाहून महाग होते. आरंभी दोन मिनिटांत हाती येणाऱ्या सुखासाठी पुढे दोन तास थांबावे लागते, आणि नेमक्या त्या थांबण्याच्या जागी दुकान मांडलेले असते. पैसे भरा, नाही तर जाहिरात पाहा. जाहिरातदार खेळ काढणाऱ्यास पैसे देतो ते आपण ती पाहिली म्हणून. आपण समजतो की उद्यानाचे मालक आपण. वस्तुतः आपण दुसऱ्याच्या उद्यानात रांगेत उभे असलेले पाहुणे असतो, आणि आपले तिकीट मिनिटांनी फाडले जाते.

तथापि या खेळात आनंदच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिवसभर राबून शेतात पीक हाती लागले नाही, कचेरीत कोणी शब्दाने विचारले नाही, अशा माणसास बोट लावताच काहीतरी वाढलेले दिसते, यात केवढा दिलासा आहे! आजारातून उठणाऱ्याची किंवा बसथांब्यावर ताटकळणाऱ्याची दहा मिनिटे त्याने हलकी केली, तर त्यात वावगे ते काय?

प्रश्न दहा मिनिटांचा नाहीच. आमची चिंता आहे ती या खेळाने मनास लागणाऱ्या वळणाची. ज्या मुलाच्या उद्यानात चूक केली तरी शिक्षा नाही आणि श्रमावाचून संपत्ती साठते, त्याला अंगणातील पेरूचे रोप तीन वर्षे फळ देत नाही हे कसे समजावे? आणि जो बाप जेवणाच्या पाटावर बसूनही काल्पनिक पाहुण्यांची गणना करतो, त्याच्या समोर बसलेल्या खऱ्या मुलाची विचारपूस कोणी करावी?

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. येथे पैसे जिंकावयाचे नसतात, म्हणून अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या खेळावर पहारा ठेवावयाचा तो घरच्यांनीच. त्यासाठी तीन गोष्टी पुरेत. खेळाच्या सूचना बंद कराव्या, म्हणजे उद्यान आपल्याला हाका मारणार नाही. खरेदीपूर्वी पासवर्ड मागितला जाईल अशी व्यवस्था करावी, म्हणजे पोरांच्या हातून पैसे जाणार नाहीत. आणि ताट वाढले की मोबाईल फळीवर ठेवावा, हा नियम थोरांनी आधी पाळून मग लहानांस सांगावा.

या खेळाचा एक गुण तर आयताच आपल्या उपयोगी पडणारा आहे: आपण नसतानाही ते उद्यान चालते. घर तसे चालत नाही. म्हणून वाचकहो, ज्याचे आपल्यावाचून काही अडत नाही ते खुशाल काही वेळ एकटे सोडावे, आणि ज्याचे अडते तेथे हजर राहावे.